बेगमी

आमच्या घरात पावसाळ्याच्या तयारीला अजूनही ‘बेगमी’ म्हणतात, आणि हा शब्द टिकला आहे तो आत्याबाईंमुळे. माझ्या सासऱ्यांच्या या धाकट्या भगिनी आता ८८ वर्षांच्या आहेत. त्यांचे लहानपण बडोद्यातल्या दांडिया बाजारातील एका वाड्यात गेले. वैशाखात गहू उन्हात घालायचे, निवडायचे आणि एरंडेल चोळून कोठीत भरायचे. डाळी, पापड, कुरडया, सांडगे, लोणच्याच्या बरण्या यांची सोय करायची. सरपण कोरड्या जागी रचायचे. आणि अगदी शेवटी कंदिलाची काच राखेने घासून, वात कापून तो माळ्याच्या पहिल्या पायरीवर, हाताला अंधारातही लागेल असा ठेवायचा, हा त्या वाड्याचा दरवर्षीचा क्रम होता. आपण संकटाची तयारी करतो आहोत, असे तेथे कोणी म्हणत नसे. ऋतू येणार हे ठाऊक होते, म्हणून तयारी होती. ‘घरात चार महिन्यांचं असलं की माणूस चार दिवस घाबरत नाही,’ असे आत्याबाई आजही म्हणतात.

मी १९९६ साली लग्न होऊन ग्वाल्हेरहून बडोद्याला आले, तेव्हा कुटुंब वाडा सोडून समा भागातल्या तळमजल्यावरच्या घरात राहायला आले होते. बेगमी हळूहळू कमी होत गेली. दुकान कोपऱ्यावर आले, मग दुकान फोनवर आले, आणि आठ दिवसांपेक्षा जास्त धान्य घरात ठेवणे हे जागेचा अपव्यय वाटू लागले. याचा दोष मी कोणाला देत नाही. जागा खरोखरच कमी होती आणि वेळ त्याहून कमी होता. पण धान्याबरोबर कंदीलही गेला, आणि त्याची जागा दुसऱ्या कशाने भरली नाही.

२०२४ साली गोकुळाष्टमी २६ ऑगस्टला होती. त्या दिवशी बडोद्यात पावसाने जो जोर धरला, त्यानंतरची रात्र आमच्या गल्लीतले कोणी विसरणार नाही. या शहरात पावसाळ्यात प्रत्येक घरी दोन आकड्यांची चौकशी चालते : शहराला पाणी पुरवणारे आजवा सरोवर किती फुटांवर आहे आणि काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदी किती फुटांवर आहे. नदीची धोक्याची पातळी २६ फूट मानली जाते. त्या पुरात ती ३५ फुटांच्या वर गेली. पावागडच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी शहराच्या मधून नागमोडी वळणे घेत जाते आणि शहरातले पावसाचे पाणी, ज्यांना येथे वरसादी कांस म्हणतात अशा नाल्यांतून, तिच्यातच उतरते. नदी फुगली की कांसांना उतारच उरत नाही. पाणी पुढे जाण्याऐवजी मागे सरकू लागते. म्हणूनच पाऊस थांबल्यावरही पाणी चढत राहते, आणि नवख्या माणसाला याचे कोडे पडते.

आमच्या घरात पाणी दारातून आले नाही. दाराशी आम्ही जुन्या चादरी लावून पहारा देत बसलो होतो आणि पाणी आले ते मोरीच्या जाळीतून, मग संडासातून, आणि ते नदीचे नव्हे, गटाराचे होते. पहाटेपर्यंत ते गुडघ्यापर्यंत चढले. आम्ही आत्याबाईंना खुर्चीत बसवून पहिल्या मजल्यावर नेले आणि नंतरचे तीन दिवस तेथल्या गुजराती भाभींच्या घरात काढले. तीन दिवस वीज नव्हती. आमच्याकडे इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी जमिनीवर असल्यामुळे ती सर्वांत आधी बुडाली. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विजेवाचून निरुपयोगी झाले. फ्रीज, संगणक, दोन मोबाइल फोन असलेल्या त्या घरात एक कोरडी काडेपेटी आणि प्यायच्या पाण्याचा एक भरलेला हंडा नव्हता. भाभींकडे मात्र पिण्याचे पाणी भरलेली दोन मडकी, डबाभर खाकरे आणि सुखडी होती. आम्ही सात माणसे त्यावर तीन दिवस राहिलो. ते उपकार मी शब्दांत फेडू शकत नाही.

खाली उतरण्याची सोय नव्हती, कारण पाण्यात काय आहे ते दिसत नव्हते. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोद्याचे भूषण असले तरी पुरात त्या नदीबाहेर पडतात. त्या तीन दिवसांत वन खात्याने वस्त्यांमधून २४ मगरी पकडून सुखरूप हलवल्या. आमच्याच इमारतीतल्या एका आजोबांना रोज इन्शुलिन घ्यावे लागते. फ्रीज बंद पडल्यावर त्यांच्या सूनबाईंनी कुप्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून लहान मडक्यात ठेवल्या, ते मडके मोठ्या मडक्यातल्या ओल्या वाळूत बसवले आणि वर ओले फडके टाकले. पाणी बाष्प होऊन उडताना उष्णता घेऊन जाते, एवढ्याच तत्त्वावर ते औषध टिकले. विजेवाचून चालणारा हा फ्रीज पन्नास रुपयांत उभा राहतो, आणि तो त्या मुलीला तिच्या आजीने शिकवला होता.

पाणी ओसरल्यावर, घर धुऊन झाल्यावर, मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली घेतली. तिच्यात काय असावे याचा विचार मी जवळजवळ महिनाभर करत होते, आणि त्यासाठी मला कोणत्याही महागड्या संचाची गरज भासली नाही. वीस मीटर नायलॉनचा दोर, एक निळी ताडपत्री, सेलवर चालणारा टॉर्च आणि सेल वेगळे, कारण आत ठेवलेले सेल पाझरून टॉर्च खराब करतात. एक शिट्टी, कारण ओरडून घसा बसतो आणि शिट्टी दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाते. मेणबत्त्या आणि काडेपेट्या घट्ट झाकणाच्या डब्यात. सेलवर चालणारा लहान रेडिओ, कारण मोबाइलचे मनोरे वीज गेल्यावर काही तासांत मान टाकतात आणि आकाशवाणी बोलत राहते. हे सगळे मंगळ बाजारात आणि रावपुऱ्यात मिळून दीड हजार रुपयांच्या आत बसले. शेंगदाणा तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन मी आता टाकत नाही. बूच घट्ट लावलेला असा एक कॅन पाण्यात सुमारे पाच किलोचा भार पेलतो. छातीला दोन कॅन बांधले तर न पोहणाऱ्या माणसाचे डोके पाण्यावर राहू शकते. २०१९ सालच्या ३१ जुलैला, जेव्हा बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा एका पोलीस उपनिरीक्षकाने जेमतेम दीड महिन्याच्या बाळाला प्लास्टिकच्या टबात ठेवून, तो टब डोक्यावर घेऊन गळ्यापर्यंतच्या पाण्यातून बाहेर आणले होते. ते छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. मला त्यात त्या अधिकाऱ्याच्या धैर्याइतकाच तो टब दिसतो. तो प्रत्येक घराच्या मोरीत असतो.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण पुरात सर्वांत आधी तेच संपते. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज तीन ते चार लिटर धरावे, म्हणजे पाच माणसांना तीन दिवसांसाठी जास्तीत जास्त साठ लिटर लागतात. पावसाचा इशारा आला की आम्ही आता वीस लिटरचे तीन कॅन भरून वरच्या मजल्यावर ठेवतो. गढूळ पाणी आधी दुहेरी फडक्यातून गाळावे, तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा आणि मग उकळावे. तुरटीने पाणी स्वच्छ दिसते पण जंतू मरत नाहीत, हे आमच्या गल्लीत अनेकांना ठाऊक नव्हते आणि पुरानंतरच्या आठवड्यात पोटाच्या तक्रारींनी दवाखाने भरले. जुलाब झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण मी ट्रंकेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिले आहे. चमचा चहाचा आणि सपाट. मीठ वाढले तर औषधच अपाय करते.

गॅसच्या सिलिंडरविषयी मला स्वतःला आश्चर्य वाटले होते. पुरात आमचे सिलिंडर स्वयंपाकघरात आडवे तरंगत होते आणि ते भरलेले होते. नंतर हिशेब केला : भरलेल्या घरगुती सिलिंडरचे वजन ३० किलोच्या आसपास असते आणि त्याच्या आतली जागा ३३ लिटरहून थोडी अधिक असते, म्हणजे ते जेवढे पाणी बाजूला सारते त्याहून हलके असते आणि तरंगते. नळी ताणून निघाली की धोका तेथेच आहे. म्हणून पाणी उंबऱ्याशी येण्याआधी रेग्युलेटर काढून, टोपण लावून, सिलिंडर दोराने ओट्याच्या पायाला बांधायचे आणि विजेचा मेन स्विच कोरड्या हाताने बंद करायचा, हा आमचा नियम झाला आहे. मोरीच्या जाळीवर प्लास्टिकचा जाड कागद आणि त्यावर वाळूची पिशवी दाबून ठेवली तर गटाराचे पाणी पूर्ण थांबत नाही, पण सामान वर चढवण्यापुरते दोन तास मिळतात.

आणि खाण्याचे काय, तर येथे आत्याबाईंनी माझ्या हातातला कागद घेतला. चूल न पेटवता खाता येईल असे मराठी स्वयंपाकघरात किती आहे हे त्यांनी एका दमात सांगितले : सातूचे पीठ, मेतकूट, चुरमुरे, पातळ पोहे, गूळ, भाजके शेंगदाणे, डिंकाचे लाडू, प्रवासाला निघताना करायच्या दुधातल्या दशम्या. त्यात मी भाभींची सुखडी घातली. ज्याला आज आपत्कालीन आहार म्हणतात, तो आमच्याकडे डब्यात होता आणि आम्ही त्याला जुनाट समजून विसरलो होतो.

कागदपत्रांची पिशवी भरताना मात्र माझा हात मतदार ओळखपत्रापाशी थांबला. त्याला कारण होते. त्याच वर्षी ७ मे रोजी, म्हणजे पुराच्या साडेतीन महिने आधी, गुजरातमध्ये लोकसभेचे मतदान झाले होते. आत्याबाई ८६ वर्षांच्या होत्या. ८५ वर्षांवरील मतदाराला घरी बसून मत देता येते, पण त्यासाठी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत नमुना १२ घ भरून द्यावा लागतो, हे आम्हाला मुदत संपल्यावर कळले. मग भर उन्हात रिक्षाने त्यांना शाळेत नेले. रांगेतल्या लोकांनी त्यांना आपणहून पुढे सोडले; त्यांनी मत दिले आणि बाहेर येऊन बोट उंच करून दाखवले. माझी पाळी आली तेव्हा मतदान अधिकाऱ्याने यादीवरून दोनदा बोट फिरवले आणि सांगितले की यजमानांचे नाव आहे, तुमचे नाही. माझ्या हातात ओळखपत्र होते. त्याआधी मी या शहरात अनेकदा मतदान केले होते. परंतु ओळखपत्र फक्त ओळख पटवते; मताचा हक्क यादीतल्या नोंदीने मिळतो, आणि उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यानंतर त्या यादीत नवे नाव घालता येत नाही. त्या दिवशी तेथे कोणाच्याही हातात काही नव्हते. म्हैसूरच्या कारखान्यात १९६२ सालापासून तयार होणारी ती शाई घरात सर्वांच्या बोटाला होती, माझ्या नव्हती, आणि ती खंत पुढे कित्येक दिवस पोळी लाटतानाही माझ्या डोळ्यांसमोर येत राहिली.

आणखी एक गोष्ट मला लागून राहिली. त्याच यादीत माझ्या सासऱ्यांचे नाव होते, ज्यांना जाऊन सहा वर्षे झाली होती. मृताचे नाव कमी करण्यासाठी नमुना ७ भरायचा असतो आणि तो आम्ही भरला नव्हता. माझे नाव कोणत्या चुकीने गेले ते मला कधी कळले नाही, पण यादी आपोआप बरोबर राहील असे मीही वर्षानुवर्षे धरून चालले होते, जसे मोरीतून पाणी बाहेरच जाईल असे धरून चालले होते.

पुरानंतर आमच्या इमारतीतला एक तरुण, शिकलेला आणि कष्टाळू मुलगा, मला म्हणाला, ‘काकू, आता आपलं आपणच बघायचं. मत द्या नाहीतर नका देऊ, पाणी यायचं तिथं येणारच.’ त्याच्या घरातले सगळे लाकडी सामान फुगून गेले होते. त्याचा संताप मला समजत होता आणि माझ्याजवळ त्याला द्यायला स्वतःचा मतदानाचा अनुभवही चांगला नव्हता. तरी मी त्याच्याशी वाद घातला आणि आजही घालते. माझी ट्रंक मला तीन दिवस जगवील. ती कांस साफ करणार नाही. आमच्या समा-छाणीच्या बाजूने जाणारी भूखी कांस किती रुंद असावी, तिच्या काठावर काय बांधू द्यावे, आजव्यातून पाणी कधी आणि किती सोडावे, यांतला एकही प्रश्न दोराने किंवा ताडपत्रीने सुटत नाही.

बडोद्याच्या माणसाला हा भेद कळायला हवा, कारण त्याच्या डोळ्यांसमोर आजवा आहे. वाड्यावाड्यांत विहिरी होत्या आणि त्या ज्याच्या त्याने खणल्या होत्या. पण शहराला पुरेल एवढे सरोवर सयाजीराव महाराजांच्या राज्याने बांधले, १८९२ साली ते पूर्ण झाले आणि पंपाशिवाय, नुसत्या उताराने, नळातून शहरात पाणी आले. कोणत्याही कुटुंबाने कितीही बेगमी केली असती तरी आजवा झाला नसता. आता राजा नाही. त्या जागी मत आहे. ‘आपलं आपण’ म्हणून मत सोडणारा माणूस आपल्या विहिरीची काळजी घेतो आणि सरोवर दुसऱ्याच्या हाती देतो.

मतदानाविषयीच्या रोजच्या वैतागात बराचसा वैताग कोणते मत कशासाठी हे न कळण्याचा असतो, असे मला आता वाटते. गल्लीतले गटार, कांस, कचरा हे पालिकेचे काम. पण आमच्याकडे त्याची तक्रार लोकसभेच्या प्रचारात होते आणि पालिकेच्या निवडणुकीत लोक देशाच्या प्रश्नांवर बोलतात. बडोद्यात १९ प्रभाग आहेत आणि प्रत्येकातून चार नगरसेवक निवडले जातात, म्हणजे मतदाराला चार मते असतात. चार माणसांना एकच प्रश्न लेखी विचारता येतो. गुजरातने तर स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचे करणारे विधेयक २००९ साली मंजूर केले, त्याला २०१४ साली राज्यपालांची संमती मिळाली आणि २०१५ साली उच्च न्यायालयाने अंमलबजावणीला स्थगिती दिली. मला त्या सक्तीचे कधी आकर्षण वाटले नाही. सक्तीने माझे नाव यादीत आले नसते.

मी नमुना ६ भरला, कागद दिले, दोनदा खेटे घातले आणि नाव परत आले. नोंदीत आमच्या आडनावातल्या ‘ळ’चा ‘ल’ झाला होता. त्यासाठी नमुना ८ भरला. मग २०२५ च्या अखेरीस मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण आले आणि घरोघर येणाऱ्या कर्मचाऱ्यांनी २००२ सालच्या यादीतील नोंद विचारली : भाग क्रमांक कोणता, अनुक्रमांक कोणता. सासऱ्यांनी जपून ठेवलेल्या जुन्या मतदार चिठ्ठ्या पुरात लगदा होऊन गेल्या होत्या. जुनी यादी संकेतस्थळावर होती. यजमान आणि मी दोन रात्री बसून पाने चाळली; आमची स्वतःची नावे मिळाली नाहीत, पण अखेर सासऱ्यांचे नाव सापडले. त्यांच्या नावाशी यजमानांची नोंद जोडली गेली. माझ्यासाठी ग्वाल्हेरला दादाला फोन केला. त्याने लष्कर भागातल्या जुन्या यादीत वडिलांचे नाव शोधून त्या पानाचे छायाचित्र पाठवले. आईचे नाव वडिलांच्या खालीच होते. ती गेल्याला अकरा वर्षे झाली आहेत, आणि तिचे नाव त्या पानावर वाचताना मला काही वेळ बोलता आले नाही.

आता ट्रंकेत, औषधांच्या आणि घराच्या कागदांच्या प्रतींबरोबर, दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद आहे. त्यावर घरातल्या प्रत्येकाचा भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि मतदान केंद्र लिहिले आहे. झाकणाच्या आत, साखर-मिठाच्या प्रमाणाखाली, फोन क्रमांक आहेत : ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७ आणि मतदारांसाठी १९५०. वैशाखात आत्याबाई धान्याला एरंडेल चोळायला बसतात, तेव्हा मी सेल बदलते, औषधांच्या तारखा पाहते आणि यादीत नावे शोधते. तीनही कामे एका दुपारी होतात.

त्या तरुण मुलाने या वर्षी माझ्याबरोबर बसून माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज लिहिला. गुजरातमध्ये त्याचे शुल्क २० रुपये आहे आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. आमच्या गल्लीची गटारवाहिनी जेथे कांसेला मिळते तेथे पाणी उलटे येऊ नये म्हणून झडप बसवली आहे का, नसल्यास का नाही, आणि तो भाग शेवटचा कधी साफ केला, एवढे तीन प्रश्न त्यात आहेत. एक महिना संपला, उत्तर आले नाही; पहिले अपील टपालाने गेले आहे. त्याची पोचपावती मी मतदार क्रमांकांच्या कागदाशी टाचून ट्रंकेत ठेवली. पावसाला अजून सोळा दिवस आहेत, असे आत्याबाई म्हणतात, आणि वाळूच्या सहा पिशव्या भरायच्या राहिल्या आहेत.